रिलिव्हर

घाटकोपरहून मुलुंडला यायला धोंडिराम साळवेला चाळीस मिनिटं लागली आणि गेटपासून स्टँडपर्यंत पोचायला पाऊण तास. मिठागरांच्या कडेने बांधलेला, अजून रहदारीला न उघडलेला नवा रस्ता एका कंपनीने रविवारपुरता घेतला होता. त्यावर सहा तासांची मोटारशर्यत होती, सकाळी नऊ ते दुपारी तीन. गेटवरच्या माणसाने आधी पाण्याची बाटली काढून घेतली, मग मीराच्या पिशवीतला डबा हुंगला.

"काकी, बाहेरचं खाणं अलाऊड नाही."

"बाहेरचं कुठंय? घरचं आहे," मीरा म्हणाली आणि डबा घेऊन आत गेलीसुद्धा.

धोंडिराम मात्र तिथेच दहा मिनिटं भांडला. सहासष्ट वर्षांचा माणूस, त्यातली पंचवीस वर्षं बसच्या स्टिअरिंगमागे काढलेली, त्यामुळे भांडण हे त्याला गिअर बदलण्याइतकं अंगवळणी पडलं होतं. आणि आज कारणही होतं. आत शर्यतीत त्याची स्वतःची मुलगी गाडी चालवणार होती. गाडीमालकाच्या पाहुण्यांना पिटमागे, म्हणजे गाड्या पेट्रोल-टायरला थांबतात त्या जागेमागे, एसी मंडप, गाद्यांच्या खुर्च्या, थंडगार ताक. ड्रायव्हरच्या आईबापाला समोरच्या बाजूचा बांबूचा स्टँड, डोक्यावर फाटकी हिरवी जाळी आणि बुडाखाली तापलेला पत्रा.

"लग्नाला आलोय का आपण मानपान घ्यायला?" मीराने विचारलं आणि कानात कापूस घातला.

चेतना, त्यांची धाकटी, अठ्ठावीस वर्षांची. आठवडाभर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसून लोकांना "क्लच हळू सोडा, हळू" सांगायची आणि रविवारी दुसऱ्यांच्या शर्यतीच्या गाड्या चाचणीसाठी फुकट पळवून द्यायची. चार वर्षं तेच चाललं होतं. आज पहिल्यांदा खरी शर्यत. सत्तावीस नंबरची लाल गाडी बोरिवलीच्या नंदकिशोर शेठची, आणि ती चालवायला तिघं जण: आधी पुण्याचा एक, मग चेतना, शेवटी शेठचा मुलगा कृणाल. आपल्या गटात गाडी पहिल्या तिनांत आली, तर वर्षभराच्या सगळ्या शर्यती चेतनाला देतो, असा शेठने शब्द दिला होता. नाही आली, तर क्लच हळू सोडा.

आता ही सहा तासांची शर्यत बघणं म्हणजे काय, ते ज्याने बघितलंय त्यालाच ठाऊक. समोरून गाडी झुप्पकन जाते, छातीत धडधडतं, आणि मग दोन मिनिटं दहा सेकंद ती परत यायची वाट बघत बसायचं. पुढे कोण, मागे कोण, कळायला मार्ग नाही. लाउडस्पीकरवरचा बाबा इतकं भरभर बोलत होता की त्याचं त्याला तरी समजत असेल का, कोण जाणे. तासाभरात अर्धा स्टँड सावली शोधत खाली उतरला. उरलेले मान डावीकडून उजवीकडे फिरवत बसले.

"हे गोल फिरून परत इथंच येतात ना?" मीरा म्हणाली. "मग गेले कशाला?"

शेजारी बसलेला तरुण खो खो हसला. त्याचं नाव प्रज्योत. वर्सोव्याचा, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, आणि शर्यतींचा भलताच नाद असलेला. त्याच्या मोबाईलवर सगळा हिशेब येत होता. कोण कितवा, कुणी कधी पेट्रोल भरलं, सगळं. सत्तावीस नंबरच्या ड्रायव्हरची ही आई आणि हा बाप, हे कळल्यावर तर त्याने आपली छत्रीच मीराच्या हातात दिली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी पुण्याचा ड्रायव्हर उतरला आणि चेतना आत शिरली. गाडी तेव्हा गटात सातवी होती. साडेबाराला ती तिसरी झाली.

"काकी, पोरगी आग आहे आग!" प्रज्योत ओरडला. "वळणावर बघा, ब्रेक कधी मारते ते!"

धोंडिराम कान लावून बसला होता. त्याला ब्रेक बघायची गरज नव्हती. गाडीच्या आवाजावरून पाय कुठे आहे हे त्याला कळत होतं, आणि पाय ठिकाणावर होता. बऱ्याच वर्षांनी त्याला कुणावर चिडावंसं वाटत नव्हतं.

एक वाजून पाच मिनिटांनी लाल गाडी पेट्रोलला आत आली. पिट स्टँडच्या बरोबर समोर होता, त्यामुळे सगळं दिसत होतं. नळी लागली, टायर बदलले. आता दार उघडणार, चेतना उतरणार, कृणाल बसणार. दार उघडलंच नाही. पिटमधली माणसं इकडेतिकडे बघत होती, एक जण मागच्या मंडपाकडे पळाला, आणि मग कुणीतरी हात हलवून गाडी तशीच बाहेर काढली. चेतना आतच.

धोंडिराम ताडकन उभा राहिला. "डबल ड्युटी!" तो स्टँडभर ऐकू जाईल असं ओरडला. "माझी पोरगी डबल ड्युटी करतेय! त्या शेठच्या पोराचा पत्ता नाही, पण हिने सीट सोडली नाही!"

प्रज्योत बर्फाचा गोळा आणायला गेला होता. धोंडिरामने मग मागच्या रांगेतल्या अनोळखी बाईला पकडून सांगितलं की अंधेरीच्या कारखान्याची बस आपण एकदा पहाटे पाचपासून संध्याकाळी सातपर्यंत एकट्याने चालवली. का? रिलिव्हर आला नाही. पुढची पाळी घेणारा ड्रायव्हर म्हणजे रिलिव्हर. तो आल्याशिवाय सीट सोडायची नाही, प्रवासी वाऱ्यावर टाकून उतरायचं नाही, हे लेकीला आपण लहानपणापासून शिकवलंय. बाईने मान डोलावली. ही गोष्ट तो नेहमी इथपर्यंतच सांगायचा.

प्रज्योत गोळा चोखत परत आला आणि त्याने मोबाईल बघितला. "अजून तीच आहे आत?"

"तीच! झकास ना?"

"झकास काय, काका? वाट लागेल! एका ड्रायव्हरने सलग सव्वादोन तासांच्या वर चालवायचं नाही, रूल आहे. अकरा पाचला बसली ना? एक वीसला तिला उतरायलाच पाहिजे. नाहीतर गाडी बाद."

धोंडिरामने घड्याळ बघितलं. एक वाजून चौदा मिनिटं झाली होती. ज्या गोष्टीवर आपण आत्ता टाळ्या पिटल्या, तीच पोरीच्या गळ्याशी आली होती.

तो जाळीपाशी धावला. पिटच्या भिंतीवर एक माणूस फळी घेऊन उभा होता. गाडी समोरून जायची तेव्हा तो फळी बाहेर काढायचा. फळीवर सत्तावीस नंबर आणि त्याखाली अधिक एक.

"म्हणजे काय ते?"

"अजून एक फेरी मार," प्रज्योतने सांगितलं. "आत ये असं असेल तर बाण दाखवतात."

बाण आला नाही. अधिक एक. पुन्हा अधिक एक. एक वीस झाले, गेले. धोंडिराम जाळीला धरून ओरडत होता, "उतर! चेतना, उतर!" पण त्या गोंगाटात त्याचं त्यालाही ऐकू येत नव्हतं. पंचवीस वर्षं ब्रेक त्याच्या पायाखाली होता आणि आज पोरीसाठी साधी शिट्टी वाजवायची सोय नव्हती. सिक्युरिटीवाला आला, "अंकल, पीछे हटो" म्हणाला, तर धोंडिरामने त्याला आईवरून शिवी घातली. त्या गरिबाचा काय दोष? पण राग असाच असतो, जो समोर सापडतो त्याच्यावर निघतो.

नऊ वेळा त्याने ती फळी मोजली. एक चौतीसला शेवटी बाण दिसला. गाडी आत आली आणि मंडपाच्या पडद्यातून कृणाल बाहेर आला. धावत नव्हता, चालत होता. पांढऱ्याशुभ्र रेसिंग सूटच्या छातीवर बिर्याणीचा हा एवढा पिवळा डाग. इकडे चेतना घामाने निथळत, सीटच्या कडेला धरून बाहेर पडत होती, आणि तिकडे हा पठ्ठ्या ओल्या रुमालाने डाग पुसत उभा. धोंडिरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जेवत होता," तो म्हणाला. "मीरा, हा जेवत होता गं!"

तीन वाजता गाडी गटात दुसरी आली. लोक नाचले, फेसाच्या बाटल्या उडाल्या. साडेतीनला चेतनाचा फोन आला. आवाज खरवडलेला होता. "पप्पा, पिटमागे कंटेनर आहे ना, पंचांचं ऑफिस, तिथे या. दोघं या."

चेतनाने जादा वेळ गाडी चालवली, अशी दुसऱ्या एका टीमने तक्रार केली होती. कंटेनरमध्ये टेबलामागे मुख्य पंच बसल्या होत्या, दीप्ती मॅडम, चष्मा कपाळावर चढवलेला. नंदकिशोर शेठ आणि कृणाल एका बाजूला. चेतना दुसऱ्या बाजूला, केस कपाळाला चिकटलेले, ओठ फुटलेले. तिच्यापुढे शेठने टाईप करून आणलेला एक कागद. मला आत येण्याचा इशारा वेळेवर दिला होता, मी तो पाळला नाही, चूक माझी आहे. खाली सहीची जागा.

"सोपं आहे," शेठ धोंडिरामकडे सरकून दबक्या, मधाळ आवाजात म्हणाला. "टीमची चूक निघाली तर गाडी बाद, सगळ्यांची मेहनत पाण्यात. ड्रायव्हरची चूक निघाली तर गाडीच्या फक्त दोन फेऱ्या कापतात, तिसरा नंबर राहतो. चेतना तीन महिने घरी बसेल. मग वर्षभर गाडी तिची. शब्द देतो मी."

"खोटं आहे!" धोंडिराम गरजला. "फळीवर अधिक एक होतं. मी माझ्या डोळ्यांनी नऊ वेळा बघितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देता काय?"

दीप्ती मॅडमनी हात वर केला. "काका, प्रेक्षकांची साक्ष आम्ही घेत नाही. त्यात तुम्ही वडील. इथे उभं राहायचं तर बोलायचं नाही."

म्हणजे सहा तास उन्हात बसून बघायचं, आणि जे बघितलं ते बोलायचं नाही! धोंडिरामच्या कपाळावरची शीर उडायला लागली. त्याला सांगायचं होतं, पोरी, सही करू नकोस. पण कोणत्या तोंडाने सांगणार? त्या बसच्या गोष्टीचं त्याने आजवर कुणाला न सांगितलेलं शेपूट त्याला आठवलं. त्या दिवशी सात वाजता, चौदाव्या तासाला, साकीनाक्यापाशी त्याची बस दुभाजकावर चढली होती. एका बाईचा हात मोडला. रिलिव्हर होता सुपरवायझरचा मेहुणा, आणि तो घरी झोपला होता. लॉगशीटवर, म्हणजे पाळीच्या नोंदीच्या कागदावर, रिलिव्हर आला नाही हे लिहायचा शेऱ्याचा रकाना त्याने कोराच सोडला होता. सुपरवायझर म्हणाला, चूक माझी म्हणून सही कर, महिनाभरात परत घेतो. धोंडिरामने सही केली. तो महिना कधी आलाच नाही.

चेतनाने पेन उचललं.

"चेतना," तो कसाबसा म्हणाला.

"पप्पा, तुम्ही केली होती ना सही?"

मीराने नवऱ्याकडे बघितलं नाही.

"तुला कुणी सांगितलं?"

"ट्रंकेत आहे तो कागद. दहावीचं सर्टिफिकेट शोधताना वाचला मी. लॉगशीटपण वाचली." ती हळू बोलत होती, पण आवाज कापत होता, आणि तो रडण्याने कापत नव्हता. "एकोणीस वर्षं झाली. सिक्युरिटीवाल्यावर चिडता, दूधवाल्यावर चिडता, आईवर चिडता. ज्याच्यावर चिडायला पाहिजे होतं त्याच्यासमोर मात्र सही केलीत. आणि मला काय शिकवलंत, तर रिलिव्हर आल्याशिवाय सीट सोडायची नाही. मी नाही सोडली. आता बास."

धोंडिरामला भर कंटेनरात कुणीतरी कानशिलात दिल्यासारखं झालं. ती बोलली ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

चेतनाने टाईप केलेल्या तिन्ही ओळींवर आडवी रेघ मारली. दाबून मारली, कागद फाटला थोडा. खाली मोकळ्या जागेत तिने दोन शब्द लिहिले, पुढे वेळ लिहिली, एक वाजून पाच ते एक चौतीस, आणि सही केली, चेतना धोंडिराम साळवे.

शेठने वाकून वाचलं आणि त्याचा मध आटला. "अक्कल आहे का तुला? गाडी बाद होईल! माझ्याकडे पुन्हा पाय ठेवायचा नाहीस तू. कुणाकडेच गाडी मिळणार नाही, मी बघतो!"

"माहितीय," चेतना म्हणाली. तिने हेल्मेट उचललं आणि मीराने ते तिच्या हातातून घेतलं.

दीप्ती मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कागद जवळ धरला. "रिलिव्हर गैरहजर," त्यांनी मोठ्याने वाचलं. "आमच्या नियमांत असा शब्द नाही. रिलिव्हर म्हणजे कोण?"

मग धोंडिराम दोन पावलं पुढे आला. त्याला बोलायची मनाई होती, ते त्याच्या पक्कं लक्षात होतं.

"ज्याने वेळेवर यायचं असतं तो," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि मीराने त्याचा असा आवाज एकोणीस वर्षांत ऐकला नव्हता. त्याने बोट कृणालच्या छातीवरच्या पिवळ्या डागाकडे केलं. "हा बघा, मॅडम. जेवून आलाय."