सगळं म्हंजे सगळं

करुणाबाई चाळिशीत प्रौढ वर्गात वाचायला शिकल्या आणि नाताळापर्यंत अख्खं बायबल वाचून काढीन असं त्यांनी देवाला कबूल केलं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात राजांच्या गोष्टी संपल्या आणि पानंच्या पानं नुसती नावं लागली. जीभ वळेना.

"गाळ की ती! कोण बघतंय?" गिरणीतून आलेला नवरा, शांतवन, म्हणाला.

"देवाला सगळं वाचते म्हटलंय. सगळं म्हंजे सगळं!"

"मग वैतागू नको."

"वैतागणार! एवढी माणसं लिवायची गरज काय होती?" त्यांनी पुस्तक धाडकन मिटलं.

थोड्या वेळानं उघडलं, तर कुठवर आलो होतो तेच सापडेना. संतापानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी अध्यायाच्या पहिल्याच नावावर बोट ठेवून त्यांनी पुन्हा, मोठ्यानं सुरुवात केली.