दादाच्या उंचीची गाडी

मी एक स्टेशन वॅगन बोलतेय. नाव मोठं असलं तरी दिसायला मी साधीच आहे. पुढून पाहिलंत तर चारचौघींसारखी बुटकी मोटार. मागून पाहिलंत तर वाटेल, बनवणारा थांबायचं विसरला. छप्पर जिथे संपायला हवं तिथे संपत नाही, सरळ शेवटपर्यंत जातं, आणि त्याच्याखाली सपाट, लांबलचक जागा. ती जागा म्हणजेच मी. इंजिन, चाकं, दिवे काय, सगळ्याच गाड्यांना असतात.

माझ्यासारख्या फार बनल्या नाहीत. आमची घडण कारखान्याने बंद केली आणि तिथे उंच गाड्या तयार व्हायला लागल्या, असं मी नंतर गॅरेजात ऐकलं. माणसांना उंच बसायची चटक लागली होती. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं वरून रस्त्याकडे बघायचं. त्या गाड्या बाहेरून दांडग्या दिसतात. आत सामान ठेवायला गेलात की कळतं, अर्धी गाडी नुसती ऐटीत गेली.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे दोन थोराड कुत्रे होते आणि ते माझ्या मागच्या दारातून एका ढांगेत आत यायचे. मग डॉक्टरांच्या शेजाऱ्याने उंच गाडी घेतली. शेजाऱ्याने घेतली म्हटल्यावर डॉक्टरांचंही मन माझ्यात रमेना. त्यांनी मला विकून उंच गाडी आणली. कुत्र्यांना काही तिच्यात उडी मारता येईना. डॉक्टर दोघांनाही उचलून आत ठेवतात आणि मग कंबर धरून बसतात, असं त्यांचा ड्रायव्हर नंतर गॅरेजात हसत सांगत होता.

जुन्या गाड्यांच्या आवारात मी बरेच दिवस उभी होते. गिऱ्हाइकं यायची, माझ्याभोवती एक चक्कर मारायची. एकजण म्हणाला, "ही काय, मढं न्यायची गाडी आहे का?" सगळे हसले. मी ते मनावर घेतलं नाही.

मग दादा आला.

दादा सुतार. दारं आणि खिडक्या बनवायचा आणि घरोघर जाऊन बसवायचा. उंच, सडपातळ, कुठल्याही खोलीत शिरताना सवयीने मान झुकवणारा. त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ होता. त्याला घरात सगळे उतावळ्या म्हणत. शाळा त्याने अर्ध्यात सोडली होती. वर्गात बसून खिडकीबाहेर बघण्यापेक्षा खिडकीच बनवलेली बरी, असं त्याचं म्हणणं. पण माप घ्यायच्या आधीच त्याची करवत चालायची. कितीतरी चौकटी त्याच्यापायी तोकड्या झाल्या. दादा त्या तोकड्या चौकटींची कोंबड्यांची खुराडी करून विकायचा, आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "ही आमच्या धाकट्याची खास कारागिरी."

दादाने माझं मागचं दार उघडलं, टेप लावली आणि हसला. "अख्खं दार झोपतंय की हिच्यात."

"दादा, लोक हसतील आपल्याला," उतावळ्या म्हणाला. "ती पलीकडची घे ना. काळी, उंच."

"तिच्यात दार कसं न्यायचं?"

"टपावर बांधू."

"आणि पाऊस आला तर?"

"तर काय, तर…"

"तर तू टपावर बसून छत्री धर," दादा म्हणाला, आणि माझी किल्ली मागितली.

ते दिवस माझे सुखाचे. सकाळी माझ्या पोटात दारं, दुपारी भुसा, संध्याकाळी घरची माणसं. मागची सीट पाडली की मी मालाची गाडी, उभी केली की घरची. दादाचे आई-बाबा, त्याची बायको म्हणजे उतावळ्याची वहिनी, आणि त्यांची पोर टिकली, सगळे माझ्यात दाटीवाटीने बसत. आईचे गुडघे दुखायचे, पण माझ्यात बसायला पाय उचलावा लागत नसे. खुर्चीत बसावं तशी ती बसायची आणि म्हणायची, "ही एक बाई घरात माझं ऐकते."

मग दादाची पाठ धरली. आधी वाटलं, दारं उचलून उचलून धरली असेल. शेक झाला, तेल झालं. नंतर तपासणी झाली आणि कळलं, दुखणं कण्याच्या आत आहे. घरात त्या दिवसापासून कोणी मोठ्याने बोलेना. थोड्याच दिवसांत दादाला बसता येईना. उभं राहिलं तर घडीभर, नाहीतर आडवं. आणि उपचारासाठी दवाखान्यात तर सारखं जायचं.

तेव्हा उतावळ्याने माझी मागची सीट पाडली. एका बाजूचं एकच आसन वहिनीसाठी उभं ठेवलं. दादा पुढच्या खोलीतल्या कॉटवरून सांगत होता आणि उतावळ्या, आयुष्यात पहिल्यांदा, आधी माप घेऊन मग फळी कापत होता. चाकांच्या उंचवट्यांना वळसा घालून फळी बसली. वहिनीने तिच्यावर त्याच आकाराची गादी शिवली. जिथे अख्खं दार झोपायचं तिथे दादा झोपला. डोकं वहिनीच्या गुडघ्याजवळ, पाय माझ्या मागच्या दाराशी. वीतभरसुद्धा जागा उरली नाही आणि बोटभरही कमी पडली नाही.

झोपल्या झोपल्या त्याला रस्ता दिसायचा नाही. दिसायचे झाडांचे शेंडे, तारा आणि घरांचे वरचे मजले. तेवढ्यावरून तो सांगायचा, "आता बेकरी आली. तिच्या वरची ती खिडकी आपली. डावा पल्ला अजून घासतो बघ."

"तो पल्ला मी बसवलाय," उतावळ्या पुढून म्हणायचा.

"म्हणून तर घासतो."

वहिनी हसायची आणि हसता हसता खिडकीकडे तोंड वळवायची.

सुसाट जाणारा तो पोरगा मला फुलासारखं नेऊ लागला. रस्त्यातला खड्डा अन् खड्डा त्याला पाठ झाला. मागून गाड्या भोंगे वाजवायच्या, उंच काचेतून माणसं शिव्या द्यायची. तो वळूनही बघायचा नाही. एकदा मात्र कुत्रं आडवं आलं आणि त्याला जोरात थांबावं लागलं. दादाची बोटं माझ्या अस्तरात रुतली. उतावळ्या गाडी कडेला घेऊन स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला.

"चल रे," दादा बऱ्याच वेळाने म्हणाला. "कुत्रं वाचलं ना? मग झालं."

दादा नाही वाचला. एका दुपारी दवाखान्याच्या आवारात मी मागचं दार उघडं टाकून उभी होते. गादी झटकून ठेवली होती. दादाला घरी आणलं ते दवाखान्याच्या गाडीतून. मी मागून रिकामी गेले. उतावळ्या त्याही दिवशी खड्डे चुकवत होता.

त्यानंतर माझी सीट कोणी उभी केली नाही. बाबा एकदा करायला आले तर उतावळ्या त्यांच्या अंगावर ओरडला. "हात लावू नका तिला." बाबांनी हात मागे घेतला. बापाने पोराला घाबरावं, हे मी तेव्हा पाहिलं.

पण सीट पाडलेली म्हणजे माझ्यात माणसं मावत नव्हती. कुठे जायचं झालं की उतावळ्या, वहिनी आणि टिकली माझ्यात, आणि आई-बाबा बसने. आईला बसच्या पायऱ्या चढवत नसत. मग आईने जायचंच सोडलं. मग बाबांनीही. एकाच घरातली माणसं आपापल्या कोपऱ्यात बसून राहिली. शेवटी वहिनीचा भाऊ आला. माझ्याच बॉनेटला टेकून तो वहिनीला म्हणाला, "ताई, इथे कशासाठी राहतेस? तुझं कोण आहे आता? टिकलीला घे आणि चल माझ्याकडे."

वहिनीने लगेच नकार दिला नाही. "विचार करून सांगते," म्हणाली. उतावळ्याने ते दारातून ऐकलं. त्याच संध्याकाळी त्याने घरात जाहीर केलं, "आपण मोठी गाडी घेतोय. सगळे मावतील अशी. वहिनी, तुम्ही कुठे जायचं नाही. आता सगळ्यांनी बरोबर जायचं, बरोबर यायचं."

मला वाईट वाटलं नाही. खरं सांगते. घर मोडण्यापेक्षा मी मोडलेली बरी.

शोरूमवर त्या तिघांना मी नेलं, आई-बाबा कसेबसे बसने आले. विक्रेत्या पोराने एकेक गाडी बाहेर आवारात आणली, अगदी माझ्यासमोर. पहिली उंच, चकचकीत, सात जणांची.

उतावळ्याने स्टिअरिंग पाहिलं नाही, इंजिन विचारलं नाही. सरळ मागे गेला, सीटा पाडल्या, चपला काढल्या आणि आत उताणा झोपला. मग हात वर करून डोक्याच्या पलीकडे पंजा टेकवला. "नाही. वीतभर कमी पडते."

दुसरी आणली. पुन्हा झोपला, पुन्हा डोक्यापलीकडे पंजा. "हिचा तळ उताराचा आहे. पाठीला लागेल."

तिसरीत त्याचे पाय दुमडले. टिकलीला हा खेळच वाटला. तीही चढून त्याच्या शेजारी आडवी झाली.

विक्रेता बिचारा हात टेकून म्हणाला, "साहेब, तुम्हाला नेमकं काय न्यायचं असतं? लाकूड?"

"माणूस," उतावळ्या म्हणाला. "माझ्यापेक्षा वीतभर उंच."

"झोपवून?"

"बसता येत नाही त्याला."

विक्रेत्याने सगळ्यांकडे पाहिलं. त्याला कळेना, यातलं कोण. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तसं असेल तर तुमची ही जुनीच बरी. असली सपाट, लांब गाडी आता बनतच नाही. कोणी घेत नाही."

बाबा पाठ फिरवून रस्त्याकडे बघू लागले. आईने पदर तोंडाशी नेला. सगळ्यांना कळलं होतं. फक्त उतावळ्या त्या गाडीत उताणा पडून टपाकडे बघत होता, आणि त्याचा पंजा अजून डोक्यापलीकडे होता, तेवढी जागा धरून ठेवल्यासारखा.

वहिनी पुढे गेली. त्याच्या पायांपाशी, डिकीच्या काठावर बसली.

"भाऊजी, उठा."

"थांबा वहिनी. अजून एक बघतो. चौथी लांब आहे म्हणतो तो."

"भाऊजी, त्यांना आता जागा लागत नाही," वहिनी म्हणाली. "आम्हाला लागते."

तो उठला नाही. आधी पंजा मिटला, मग हात डोळ्यांवर आला. मग तो इतका रडला की ती नवीकोरी गाडी चाकांवर हलत होती. दादा गेला तेव्हा तो रडला नव्हता. माझ्यात तर कधीच नाही. टिकली त्याचा कान धरून म्हणत राहिली, "काका, चल ना, इथे उकडतंय."

गाडी शेवटी निवडली आईने. कोपऱ्यात एक सरकत्या दाराची, ठोकळ्यासारखी गाडी उभी होती. तिच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं. आई दमून तिच्यात टेकली, आणि आपण पाय न उचलता बसलो हे तिच्या ध्यानात आलं. "मी बसले," ती म्हणाली. "आता मला उठवू नका." बाबा तिच्या शेजारी बसले. वहिनी आणि टिकली मागे. विक्रेता उंच गाड्यांचं कौतुक सांगत होता, पण ऐकतंय कोण.

ती गाडी हातात यायला अवकाश होता. म्हणजे आज घरी जायचं ते माझ्यातूनच. आई-बाबा बसच्या थांब्याकडे निघाले.

"थांबा," उतावळ्या म्हणाला. त्याने माझं मागचं दार उघडलं. गादी गुंडाळली, फळी बाहेर काढून उभी धरली, आणि सीट उचलली. ती बरेच दिवस पाडलेली, अडकून बसली होती. त्याने खांदा लावला तेव्हा कुठे खट्‌ आवाज झाला.

सगळे माझ्यात बसले. मग बाबा हळूच म्हणाले, "जागा आहे की रे हिच्यात." जागा होतीच. मीच त्यांची अडवून बसले होते असं मला वाटलं, आणि तो अख्खा रस्ता मला नकोसा झाला आणि संपूही नये असं वाटलं.

आता मी पुन्हा जुन्या गाड्यांच्या आवारात आहे. यावेळी गिऱ्हाईक चक्करही मारत नाही. एक दिवा कोणीतरी काढून नेला, आरसा गेला, दारं गंजून जातील. मग एक दिवस लोखंड म्हणून वजनावर जाईन. त्याचं मला काही नाही. आमची जातच चाललीय, मी एकटी राहून काय करू?

तुम्ही कधी घरासाठी गाडी घ्यायला गेलात, तर रंग आणि उंची नंतर बघा. आधी घरातलं म्हातारं माणूस तिच्यात बसवा आणि त्याचा चेहरा बघा. आणि जे माणूस गेलंय त्याच्यासाठी गाडीत जागा ठेवू नका. तुमचं काळीज तेवढं लांब असतंच.

परवा उतावळ्या आला होता. राखणदाराला म्हणाला, जुना आरसा मिळेल का बघतोय. खोटं. माझा आरसा कधीच गेलाय, हे त्याला पहिल्या नजरेत दिसलं होतं. तरी तो उभा राहिला. मागच्या काचेवर हात ठेवून आत बघत होता. तिथे काही नाही. थोडा भुसा आहे, सीटच्या फटीत.

फाटकाबाहेर सरकतं दार उघडलं आणि आईचा आवाज आला, "अरे ये लवकर. सगळे बसलेत."

त्याने मान वळवून तिकडे पाहिलं. एकेक चेहरा पाहिला. मग पुन्हा माझ्याकडे.

जा बाळा. सगळे बसलेत.