भित्र्या भुताचा सिनेमा

ससूताईला ससू हे नाव कुणी ठेवलं ते घरात आता कुणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दाराची बेल वाजली की ती दचकते, फुगा दिसला की रस्ता ओलांडून पलीकडून जाते, आणि शिंक आली तर स्वतःच्याच शिंकेला घाबरते. अशी ही बाई एकेकाळी एका सिनेमात भूत झाली होती. आणि तो सिनेमा तिने आजवर पाहिलेला नव्हता. भीती वाटते म्हणून.

सिनेमा तिच्या दादाचा. दादाचा फोटो स्टुडिओ होता. 'हनुवटी जरा खाली, डोळे मिटू नका' असं लोकांना सांगण्यात त्याचा जन्म गेला. पण तरुणपणी त्याच्या डोक्यात वारं शिरलं आणि त्याने मित्रांच्या खिशाला चाट लावून, उसन्या कॅमेऱ्यावर, दुसऱ्यांनी वापरून उरलेल्या रिळांच्या तुकड्यांवर एक भयपट काढला. नाव 'माळ्यावरची'. माळा स्टुडिओचाच होता. भिंती पुठ्ठ्याच्या, खुर्ची आपोआप सरकायची ती सुतळीने, आणि भूत घरचं. ससू तेव्हा काडीसारखी होती, कॉलेजला सुट्टी होती आणि ती पैसे मागणार नव्हती. डोक्याला काथ्याचे केस, तोंडाला पीठ आणि डोळ्यांखाली बुटाचं पॉलिश फासून दादाने तिला उभं केलं. पॉलिश निघेना म्हणून ती पुढे कितीतरी दिवस लोकांशी खाली मान घालून बोलत होती.

सिनेमा लागला आणि लगेच उतरला. मग बऱ्याच वर्षांनी त्याची एक झिजकी नक्कल, नकलेची नक्कल, तरुण पोरापोरींच्या हाती लागली आणि 'माळ्यावरची' एकदम गाजायला लागली. पण गाजली ती हसण्यासाठी. लोक घोळक्याने बसून ती पाहत. सुतळी दिसली की सगळे मिळून 'दोरी!' म्हणत, भिंत हलली की 'भूकंप!', आणि नायकाचे ओठ मिटल्यावरही त्याचा आवाज चालू राहायचा तिथे टाळ्या पडत. दादाला लोक रस्त्यात थांबवून हात मिळवत, पोट धरधरून हसल्याचं सांगत. तो मान हलवायचा. एकच सांगायचा, माळ्यावरचा प्रसंग नीट बघा, तिचे डोळे बघा. त्या नकलेत तो अख्खा प्रसंग डांबर ओतल्यासारखा काळा होता. डोळे कुठले, काही म्हणता काही दिसत नव्हतं. म्हातारा थापा मारतो, एवढंच लोकांना वाटायचं.

यंदा एका जुन्या थेटरची नवी मालकीण, केसांची नुसती कुरळी टोपली असलेली एक चुणचुणीत मुलगी, मूळ रीळ शोधत दादाकडे आली. तिने ते नेलं, धुऊन पुसून स्वच्छ करून घेतलं आणि रविवारी दुपारचा खेळ ठरवला. खेळानंतर दादाने स्टेजवर यायचं. जाता जाता तिने अगदी प्रेमाने विचारलं, "सर, खरं सांगा, तुम्ही तो विनोदीच काढला होता ना? मुद्दाम?"

दुसऱ्या दिवशी वहिनी ससूच्या दुकानात आली.

ससू चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची दांडी वाकवायची, मुंगीएवढे स्क्रू पिळायचे. त्या वेळीही ती कुणाच्या तरी दांडीचा स्क्रू चिमट्यात धरून बसली होती. वहिनी समोरच्या गोल स्टुलावर बसली आणि पर्स मांडीवर उभी धरून तिने सगळं सांगितलं. दादा म्हणत होता, स्टेजवर 'हो' म्हणून टाकतो. विनोदीच होता, मुद्दामच केला. जग हसतंय तर आपणही हसणाऱ्यांत जाऊन बसावं, निदान आपल्याला हसतात असं तरी होणार नाही. पण आधी खेळ बघीन म्हणाला. एक जरी माणूस घाबरला तर 'हो' म्हणणार नाही.

"इतकी वर्षं ते भूत ह्यांच्या मानेवर बसलंय," वहिनी म्हणाली. "उतरलं तर मी पेढे नाही वाटणार, पण निदान निवांत झोपेन. पण असं नको गं. असं उतरलं तर त्याच्याबरोबर हेसुद्धा उतरतील. तू चल."

"मी येऊन काय करू? मी तर घाबरते."

"मग झालंच की. एक माणूस मिळाला."

ससू हो म्हणाली, पण मनात बेत करून. चष्मा काढून बसायचं. चष्म्याशिवाय तिला पुढच्या रांगेतलं डोकंसुद्धा पिठाच्या गोळ्यासारखं दिसतं. मग भूत काय दिसणार, कप्पाळ?

रविवारी थेटर भरलं. दादा सगळ्यात मागच्या रांगेत एकटा जाऊन बसला. त्याला पडदा पाठ होता, त्याला लोक बघायचे होते. ससू आणि वहिनी मधोमध. ससूच्या शेजारी एक गुबगुबीत गृहस्थ, बोटाला सुतळी गुंडाळून आलेले. त्यांनी लाह्यांचा पुडा पुढे केला आणि विचारलं, "काकू, पहिल्यांदाच का? घाबरू नका हं. फार विनोदी आहे."

पलीकडून वहिनीने ऐकलं आणि पर्सची चेन उगाचच उघडून खाडकन बंद केली.

सिनेमा सुरू झाला. ससूने चष्मा मांडीवर घेतला. समोर नुसतं धुकं हलत होतं आणि भोवती हशा उकळत होता. खुर्ची सरकली असावी, कारण 'दोरी!' म्हणत सगळं थेटर उठलं आणि गुबगुबीत गृहस्थांनी सुतळी डोक्यावर गरगरा फिरवली. भूकंप झाला. नायकाने तोंड मिटून लांबलचक वाक्य म्हटलं. ससूलाही हसू फुटलं. तोंडावर पदर घ्यावा तसा तिने हात घेतला, पण फुटलंच. मग तिला एकदम चोरी केल्यासारखं झालं. तिने मागे पाहिलं. शेवटच्या रांगेत एक धूसर आकृती होती, पाठ ताठ, हनुवटी जरा खाली. फोटोला बसवतो तसा दादाने स्वतःला बसवलं होतं. तो डोळे उघडे ठेवून हे सगळं झेलतोय आणि मी इथे चष्मा काढून बसलेय, असं तिच्या मनात आलं. तिने चष्मा पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

माळ्यावरचा प्रसंग लागत होता. लोक उठायला लागले. हा भाग म्हणजे मध्यंतरच, हे सगळ्यांना माहीत होतं. गुबगुबीत गृहस्थही उठले. "आता नुसता काळोख असतो," त्यांनी ससूला समजावलं, "तेवढ्यात लाह्या घेऊन येतो."

पण काळोख नव्हताच. मूळ रिळावर ते सगळं होतं. जिना होता, कौलाच्या फटीतून येणारी उजेडाची तिरीप होती, आणि तिच्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली काडीसारखी मुलगी होती. गृहस्थ अर्धे उठलेले तसेच राहिले.

ती मुलगी भूत होती आणि भूत घाबरलेलं होतं.

ससूला तो दिवस जसाच्या तसा आठवला. दादाने बजावलं होतं, रीळ एवढंच उरलंय, हललीस तर सिनेमा संपला. घाबरव, माझ्याकडे बघ आणि घाबरव. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि तिला दिसली पाल. दादाच्या डोक्यावरच्या तुळईवर, चांगली वीतभर. पाल म्हणजे ससूचं यमदर्शन. त्यात ती खाली सरकत होती, दादाच्या उघड्या कॉलरच्या रोखाने. ओरडावं तर रीळ वाया. न ओरडावं तर दादा. ससू पापणी न लववता बसून राहिली. मग तिला राहवेना, म्हणून तिने हळूहळू, इतक्या हळू की हललीस असं कुणी म्हणू नये, हात उचलला आणि त्याच्या मागे बोट दाखवलं. ओठ हलवले, आवाज गिळून. शेवटी पाल कॉलरमध्ये पडली आणि दादा कॅमेऱ्यासकट नाचला. घरात ही गोष्ट वर्षानुवर्षं चवीने सांगितली जाते, पालीची साइज दरवेळी वाढवून.

आता ते पडद्यावर होतं. ससूचं अर्धं आयुष्य लोकांचे डोळे बघण्यात गेलेलं. कोण जवळचं बघतोय, कोण लांबचं, ते ती काउंटरपलीकडून सांगते. ही मुलगी आपल्याकडे बघत नव्हती. ती आपल्या जरा वर, जरा मागे बघत होती. आणि जे दिसत होतं त्यापासून आपल्याला वाचवावं, अशी तिच्या डोळ्यांत तगमग होती.

थेटरात कुणी लाही चावेना. पडद्यावर बोट हळूहळू वर आलं आणि तुमच्या मागे, असं रोखलं गेलं.

पहिल्यांदा पुढच्या रांगेतल्या एका बाईने मागे पाहिलं. मग तिच्या शेजाऱ्याने. मग वाऱ्याने शेत वाकावं तशा माना वळत मागे मागे येत गेल्या. ससूला सगळं माहीत होतं. तिथे पाल होती, पालीला मरूनही आता जमाना झाला होता. तरी तिची मान वळलीच. तिला दिसला शेवटच्या रांगेतला दादा. त्याच्याकडे सगळं थेटर तोंड करून बसलं होतं, पडद्याच्या उजेडात पांढरीफटक पडलेली शेकडो तोंडं. जन्मभर त्याने माणसांचे चेहरे टिपले, पण असे चेहरे त्याला कुणी दिले नव्हते. त्याची हनुवटी वर गेली होती.

त्याच क्षणी पडद्याने हिसका खाल्ला आणि सगळं काळं झालं. पडदाही आणि त्याच्याबरोबर थेटरही. मग जी किंकाळी उठली तिच्यात गुबगुबीत गृहस्थांचा आवाज सगळ्यात बारीक होता. ते खाली बसले ते त्यांच्या खुर्चीत घसरलेल्या ससूच्या पर्सवर.

पुढे खुर्ची आणखी एकदा सरकली. 'दो...' असं कुणीतरी म्हणायला गेलं आणि चारी बाजूंनी 'शू' झालं. गृहस्थांनी बोटाची सुतळी सोडवून खिशात घातली. शेवटी भिंत हलली तेव्हा लोक हसले, पण ते दार नीट लागलंय ना हे बघून आल्यावर माणूस हसतो, तसं.

दिवे लागले. दादा स्टेजवर चढला तेव्हा टाळ्या थांबेनात. वहिनी रडत होती आणि डोळ्यात धूळ गेली, धूळ गेली म्हणत होती. थेटरात धुळीचा कण नव्हता. कुरळ्या मालकिणीने माइक घेतला, पण तिला आपला प्रश्न विचारायचा धीर होईना. दादानेच आठवण करून दिली.

"तुम्ही विचारलं होतं, मुद्दाम विनोदी केला का," तो म्हणाला. "नाही. मी तुम्हाला घाबरवायला केला होता. दोरी दिसते, मान्य आहे. भिंत हलते, तेही मान्य. हसा की. पण मी घाबरवायलाच केला होता."

पुन्हा टाळ्या. मग लोकांनी भूत कुठे आहे असं विचारलं. दादाने बोट दाखवलं, आणि गुबगुबीत गृहस्थांनी ज्या नजरेने शेजारी पाहिलं ती बघून वहिनीचं रडू थांबलं. ते सरकता येईल तेवढे सरकले.

"काकू," त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "तिथे मागे काय होतं हो?"

प्रश्न सगळ्यांनाच पडलेला होता. पुढच्या-मागच्यांनी तो उचलून थेट स्टेजपर्यंत पोचवला. स्टेजवर दादाने तोंड उघडलं. स्वभावाने सरळ माणूस, तो सांगून मोकळा झाला असता. वहिनी मोठ्यांदा खोकली. आणि ससू, जी दुकानात गिऱ्हाइकाला किंमत सांगतानाही गळ्यातल्या गळ्यात बोलते, ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. भीती वाटत होतीच, पण तिच्या लक्षात आलं की आपल्यापेक्षा समोरच्यांना जास्त वाटतेय, आणि ही गोष्ट तिला फार आवडली.

"अजून तिथेच आहे," ती म्हणाली.

सगळे दिवे लागलेले होते, बाहेर टळटळीत दुपार होती. तरी सगळ्यांनी मागे पाहिलं. शेवटच्या रांगेच्या मागे तर नुसती भिंत होती. तिथल्या लोकांनी तीसुद्धा हात लावून बघितली.