फियाटची मधली जागा

“हितनं गिअरचा दांडा वर येणार,” म्हणत परशराम मिस्त्रीनं फियाटच्या पुढच्या लांब सीटवर मधोमध खडूनं गोल काढला. “सीट हितं कापायची आणि दोन करायच्या. जीपचा पाच गिअरचा बॉक्स घालतो, आण्णा. नव्या इंजिनाला त्योच झेपंल.”

पायगोंडा आण्णा गाडीच्या दाराशी हात मागे बांधून उभे होते. सदलग्याला त्यांची उसाची शेती. बहात्तर वय, आणि ही फियाट त्यांच्याकडे आल्याला पंचेचाळीस वर्षं झालेली. तिचं इंजिन आता पार संपलं होतं. पुण्याच्या मुलानं, अभिनंदननं, एका जीपचं चांगलं इंजिन शोधून पाठवलं. आरटीओची कागदपत्रंही करून दिली. गिअरबॉक्स कुठला घालायचा ते मात्र निपाणीच्या परशरामवर सोपवलं होतं.

“जुनाच ठेवला तर? स्टीअरिंगवरचा?” आण्णांनी विचारलं.

“दात झडतील त्येचे. ह्या इंजिनाची वड लई हाय.”

एवढ्यात आण्णांची मुलगी प्रणिता दार उघडून आत शिरली आणि नेमकी त्या खडूच्या गोलावर बसली. चाळिशीला आलेली, केसांत पांढरं डोकावलेलं, पण मनानं सहा-सात वर्षांची. समोर रस्त्याकडे बघत ती निघायची वाट बघू लागली.

“ताईस्नी खिडकीकडं सरकवायचं की,” परशराम म्हणाला. “जागा हाय तिकडं.”

आण्णांनी त्याला बाजूला घेतलं. “ती सरकत न्हाय, मिस्त्री. एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला तिची आई, तिची अव्वा, अशी बसायची लहानपणापास्नं. वळण आलं की अव्वा तिच्या छातीवर हात आडवा धरायची. चंदना जाऊन दोन वर्सं झाली. तरी खिडकीची जागा तिनं सोडूनच ठेवलीया. अभिनंदनच्या गाडीत मागं बसवून बघितलं, रडून रडून ताप आला तिला.” “दर अमावास्येला स्तवनिधीला देवाला जायचो आम्ही. गाडी बंद पडल्यापास्नं त्ये बी बंद. आता तूच बघ.”

“न्हाय व्हायचं, आण्णा. चाळीस वर्सांत कुणी केल्यालं बघितलं न्हाय मी.”

मुलीला हाताला धरून आण्णा बस स्टँडकडे गेले.

परशरामचं आयुष्य गिअरबॉक्सवरच गेलं होतं. पाना गाडीला टेकवून दुसरं टोक कानाला लावायचा आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. गिऱ्हाइकाला काय हवं यापेक्षा गाडीला काय हवं हे तो आधी बघे आणि त्यावरून भांडेही. पण त्या दिवशी जीपचा बॉक्स आणायला निघालेला तो दोनदा पायरीवरून परत आला.

चार दिवसांनी एक शाळेची व्हॅन क्लचच्या कामाला आली. खाली आडवा होऊन बघताना त्याचा हात थांबला. ड्रायव्हरपाशी गिअरचा दांडा, बॉक्स कुठं लांब मागं, आणि मध्ये नुसत्या दोन केबली. केबल म्हणजे वळवू तशी वळणारी वस्तू! तो बाहेर आला, हात पुसले आणि आण्णांना फोन लावला.

“सीट कापत न्हाय मी, आण्णा. व्हॅनचा बॉक्स बघतो. केबल स्टीअरिंगवर नेता येत्यात का बघू या. न्हाय जमलं तर शिव्या घाला.”

तसा बॉक्स बेळगावच्या भंगार बाजारात मिळाला. इंजिनाला जोडण्यासाठी मध्ये जाड पत्र्याची प्लेट कातून घेतली. बॉक्स बसला, पण केबली ऐकेनात. दुसरा गिअर टाकला की रिव्हर्स पडे. परशरामनं जोडणीचे तुकडे कापले, फेकले, पुन्हा केले. आण्णा दर मंगळवारी प्रणिताला घेऊन बसनं येत. गाडी ठोकळ्यांवर चढवलेली असली तरी ती आपल्या जागेवर जाऊन बसे.

एकदा खाली आडवा पडलेल्या परशरामनं सहज हाक मारली, “ताई, दांडा खाली वडा बघू.”

प्रणितानं ओढला. “न्हाय पडला.”

“पडला की! मला दिसतोय हितं.”

“न्हाय पडला,” ती ठामपणे म्हणाली.

त्यानं बॅटरी जवळ नेऊन पाहिलं. गिअर अर्धाच बसला होता.

मग ते तसंच चालू राहिलं. तो खालून सांगायचा, ती वरून ओढायची, आणि जेव्हा खरंच नीट बसे तेव्हा टाळी वाजवायची. परशराम तिच्या टाळीशिवाय नट आवळेनासा झाला.

“पाचवा न्हाय मिळायचा, आण्णा,” शेवटी त्यानं सांगितलं. “चार आणि रिव्हर्स. हायवेला इंजिन जरा वरडंल.”

“वरडू दे. कुठं घाईनं जायचं हाय आमाला?”

अमावास्येच्या सकाळी चाचणीसाठीच स्तवनिधी ठरलं. आण्णा स्टीअरिंगवर, शेजारी मध्ये प्रणिता. परशरामनं पुढचं डावं दार उघडलं, तसा तिनं रिकाम्या जागेवर हात ठेवला.

“अव्वा,” ती म्हणाली.

“व्हय, व्हय.” तो गुमान मागं जाऊन बसला.

तवंदी घाटात आण्णांनी तिसऱ्यावरून दुसरा टाकला. परशरामनं कान पुढं केला. गिअर लोण्यासारखा पडला, आणि पुढून टाळी वाजली. आण्णांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला त्याला मागून दिसला.

दर्शन झाल्यावर आण्णा कट्ट्यावर थोडे टेकले. परशराम बॉनेट उघडून तेल बघत होता. बॉनेट मिटल्यावर त्याला दिसलं, प्रणिता गाडीत बसली होती, पण मध्ये नाही. खिडकीशी. कोपर काचेच्या कडेवर ठेवून.

आण्णा दारापाशी आले आणि उभेच राहिले. परशराम मान खाली घालून मागच्या दाराकडे वळला.

“मिस्त्री,” प्रणितानं हाक मारली. मधल्या जागेवर तिनं दोनदा थोपटलं. “हितं.”

“मी बसतो की मागं, ताई. कपडे तेलाचे हाईत.”

“हितं,” ती पुन्हा म्हणाली.

“बस बाबा,” आण्णा म्हणाले.

अठ्ठावन्न वर्षांचा परशराम आण्णांच्या बाजूनं आत सरकला आणि गुडघे जुळवून मधोमध बसला. तो उभा जन्म गाड्यांच्या खाली राहिला होता, नाहीतर स्टीअरिंगवर. दोन माणसांच्या मध्ये असा कधी बसला नव्हता. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

घाट उतरताना पहिलं वळण आलं. प्रणितानं बाहेरची नजर न काढता डावा हात खिडकीवर तसाच ठेवला आणि उजवा आडवा त्याच्या छातीवर धरला. वळण संपलं, हात खाली आला. पुढचं वळण आलं, पुन्हा वर गेला.