शेवटी येईल त्याची प्रार्थना

चर्चच्या बाकावर पर्सला जागा असते आणि माणसाला नसते, हे मी त्या रविवारी पाहिलं. शिंपीणबाई दारातून आत आल्या आणि बाकाबाकावर पर्स सरकल्या, छत्र्या आडव्या झाल्या. इस्त्रीनं नवऱ्याचं डोकं फोडून तुरुंगात गेलेली बाई सुटून आली होती. तो नवरा तिला वर्षानुवर्षं कशाकशानं मारायचा, हे मात्र सगळे सोयीनं विसरले होते. शिंपीणबाई मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. माझ्या खांद्यावरून बाळानं त्यांच्याकडे बघितलं आणि बोळकं पसरून हसलं. त्याला अजून कुणी काही शिकवलेलं नाही.

उपासना संपल्यावर मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बाई, आज जेवायला आमच्याकडे या."

सासूबाई वाटभर आमच्या पुढे झपझप चालत राहिल्या. घराचं दार लागलं आणि तोंड उघडलं.

"दोन खोल्यांचं घर, पाळण्यात लेकरू, आणि हिला पाहुणचाराची हौस! इस्त्री तरी लपव आधी."

"ती कपाटावर असते, आई. तिथेच राहील."

"ती बाई या टेबलाशी बसली तर मी लेकीकडे निघून जाईन. कायमची. सांगून ठेवते."

माझं बाळंतपण याच बाईनं केलं. बाळ रडून निळं पडायचं तेव्हा यांच्याच छातीवर शांत व्हायचं. तरी मी म्हटलं, "प्रभू कुणाकुणाच्या घरी जेवला, ते मला तुम्हीच सांगितलंत."

"तो प्रभू होता! तू कोण लागून गेलीस?"

"त्याच्या घरची स्वयंपाकीण," मी म्हटलं, आणि बाळाला कडेवर घेऊन कोंबडी फोडणीला टाकली.

सासूबाईंनी कपडे पिशवीत कोंबले. पिशवीचा बंद तुटलेला. त्याला गाठ मारून त्या बाहेर पडल्या.

माझा नवरा बस चालवतो. तो दारातून डोकावून आला. "जिन्यात बसलीये."

"गेल्या नाहीत?"

"आत्ता बस कुठाय? वेळापत्रक मला पाठ आहे." तो हळूच म्हणाला, "तिलाही."

मी जिन्यात गेले. "आई, तुमचं ताट मांडलंय. त्यांचंही मांडलंय. दोन्हींतलं एकही मी उचलणार नाही."

"थंड होऊ दे मग."

तेवढ्यात शिंपीणबाई खालून आल्या. सासूबाईंना बघून थबकल्या. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं, पण वाट द्यायला पाय आखडून घेतले.

शिंपीणबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. वाढायला गेले तर पातेल्यातलं पाठीचं हाडुक त्यांनी स्वतःच उचललं. "मला हेच आवडतं."

आमच्या घरात सासऱ्यांपासून एक रीत आहे: जो शेवटी उंबरा ओलांडेल, त्यानं जेवणाची प्रार्थना करायची. मग तो कुणी का असेना. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सासऱ्यांनी बसवलं होतं. त्यानं "देवा, गळती थांबू दे" एवढंच म्हटलं, तरी आमेन सगळ्यात मोठ्यानं सासऱ्यांचं.

नवऱ्यानं ही रीत सांगितली तशा शिंपीणबाई उठून उभ्या राहिल्या. "माझ्यानं नाही व्हायचं. मी जाते. जिन्यात कोण बसलंय आणि का, कळतं मला. एक घर मोडलंय या हातांनी, दुसरं नको."

मी बाळ उचललं आणि सरळ त्यांच्या हातांत दिलं. "आता जाऊन दाखवा."

बाळानं त्यांचं बोट घट्ट धरलं. त्या खाली बसल्या.

दार ढकललं गेलं. सासूबाई! कुणाकडे न बघता त्यांनी खिडकीतला चष्मा उचलला.

"आई," नवरा म्हणाला, "शेवटी तू आलीस. प्रार्थना तुझी."

"मी चष्मा घ्यायला आले!"

"का आलीस ते विचारायचं, असं बाबांनी कधी सांगितलं नव्हतं."

सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर जळून गेला असता. मग चष्मा चढवला, टेबलापाशी आल्या, हात जोडले.

"हे स्वर्गीय बापा, अन्नाबद्दल तुझे आभार. माझ्या मुलाला कणा दे. सुनेला थोडी भीती दे." मी एक डोळा उघडला. त्यांचे दोन्ही उघडे होते, समोरच्या ताटावर. "आणि तिला वाढायची अक्कल दे. पाहुणीच्या ताटात नुसतं हाडुक आहे. हाडुक कुणालाच आवडत नाही, बापा. बायका तसं म्हणतात, एवढंच. येशूच्या नावानं, आमेन."

बसल्या, आणि आपल्या ताटातली तंगडी शिंपीणबाईंच्या ताटात टाकली. "मी अजून कुणाशी बोलत नाहीये," त्यांनी आम्हांला बजावलं.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी टेबलाखालून पुढे सरकवली. "बंद तुटलाय हिचा. शिवायला येतं ना अजून?"

"येतं," शिंपीणबाई बाळाच्या डोक्याकडे बघत म्हणाल्या. "इस्त्री मात्र हातात धरवत नाही."

नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"नको धरूस," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी ये. तू शिव, इस्त्री मी करीन."