पाट्याचा तुकडा

अमृतच्या मोटारसायकलला आपल्या गाडीची धडक बसली आणि त्यात तो गेला, हे रज्जाकने कधी नाकारलं नाही. गाडीचा विमा संपला होता, हेही नाही. पुढचा बाजार झाला की भरू, असं म्हणता म्हणता राहून गेलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच, की त्या रात्री रस्त्यात दगड होते आणि ते चुकवायला त्याने गाडी उजवीकडे घेतली.

पण सकाळी पोलिसांनी पंचनामा केला, तेव्हा रस्ता मोकळा होता.

"रज्जाकभाई," जामखेडच्या बाजारात कुणीतरी टोमणा मारला, "त्या दगडांचा तरी विमा हुता का?"

तो घरच्या भट्टीत टोस्ट-खारी भाजून विकायचा. हल्ली पायीच फिरे, कारण गाडीत बसलं की मोकळ्या रस्त्यातही पाय ब्रेकवर जाई. दिव्यांच्या उजेडात दिसलेला एक दगड त्याचा पिच्छा सोडत नव्हता. चपटा, काळा, अंगावर टाकीचे घाव. तो कधी भट्टीच्या तोंडाशी दिसे, कधी नमाजाला वाकताना चटईच्या कडेला. खरंच होता का तो? त्याला स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली.

अमृतच्या बायकोने, रुपालीने, स्वतःच्या आणि लेकराच्या नावाने नगरच्या कोर्टात भरपाईचा दावा लावला होता. वकिलाने रज्जाकला स्पष्ट सांगितलं, "विमा नाही, म्हणजे घर आणि भट्टीच जाणार. दगड ठेवणारा सापडला, तर काही बोलता येईल."

अमृतचा बाप सहादेव उसाची ट्रॉली घेऊन रोज त्याच रस्त्याने जाई. त्याने दगड पाहिले असतील का, एवढंच विचारायला रज्जाक एका सकाळी त्यांच्या दारात गेला.

त्याला पाहून अमृतची आई गोजरबाई उठल्या. तांब्या घेऊन रांजणाकडे वळल्या. रज्जाकची नजर त्यांच्यामागून गेली आणि तिथेच खिळली. रांजणाखाली, ओल्या मातीत, चपटा काळा दगड. टाकीचे घाव.

"वैनी, हा दगड..."

"आमच्या फुटक्या पाट्याचा हाय. हे ट्रॅक्टरवर ठेवत्यात, चाकाला लावाया. आता काय सुचलं कुनाला ठावं, रांजनाखाली घातलाय. रोज उठून त्याच्याकडंच बघत बसत्यात."

ओट्यावर बसलेल्या सहादेवने मान वर केली नाही. रज्जाकला सगळं कळलं. टायर पंक्चर झालं की ट्रॉलीमागे दगड मांडायचे आणि काम उरकलं की तसेच सोडून निघायचं, हे त्या रस्त्यावर सगळेच करत. खरं तर त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याने दगडाकडे पाठ केली.

"अण्णा, पानी पिऊन निघतो मी," तो म्हणाला.

"बस," सहादेव म्हणाला. "पोरगं गेल्याचं कळलं तवा आधी रस्त्यावर पळालो. त्याच्याकडं न्हाई. दगड उचलाया."

गोजरबाईंच्या हातातला तांब्या पडला.

रुपाली दारात कधी आली ते कुणी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मामा, ट्रॅक्टरचा विमा हाय ना?"

"हाय."

"मग वकिलाला सांगा. लेकराला काय मिळायचं आसंल ते तिकडनं तरी मिळंल."

"गाव काय म्हनंल?"

"गाव आजवर यांनाच म्हनत हुतं." रुपालीने रज्जाककडे बोट केलं.

सहादेव उठला. त्याने रांजण तिरपा केला आणि दगड ओढून काढला. रांजण एका अंगाला कलंडला, पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. त्याने दगड रज्जाकपुढे धरला. रज्जाकने हात मागे घेतले. शेवटी तो रुपालीनेच घेतला, पदराने पुसला आणि पिशवीत घातला.

"माझी चूक उरतेच, अण्णा," रज्जाक म्हणाला. "विमा मी भरला न्हवता. गाडी मीच वळवली."



परतताना वळणावर कुणाच्या तरी ट्रॉलीमागचे दगड रस्त्यात तसेच पडलेले होते. रज्जाक एकेक उचलून कडेला टाकू लागला. टाकण्याआधी प्रत्येक दगड उलटा करून त्यावर टाकीचे घाव आहेत का, ते पाहत राहिला.