गोऱ्ह्यासंगं जन्मलेली

मी निलंग्याकडची, देवणी जातीची कालवड. वय पाच वर्षं झालं, तरी मला कुणी गाय म्हणत नाही, कारण मी कधी व्यालेच नाही.

माझ्या आईला जुळं झालं. आधी भाऊ आला, मागून मी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, रुंद कपाळ. मालकीण तुळजाबाई हरखली. भाऊ पुढं विकला गेला. मला मात्र तिनं हातानं पेंड चारून वाढवलं.

बरोबरीच्या कालवडी गाभण राहिल्या. मी माजावरच येईना. कुणी गळ्यात ताईत बांधला, कुणी कडू काढे पाजले. तुळजाबाईला मूलबाळ नव्हतं. एकदा सासू दारातूनच म्हणाली, "हिचा हात लागला, कालवड बी तशीच निघाली." माझ्या पाठीवरून फिरणारा तुळजाबाईचा हात थांबला.

मग गुरांच्या डॉक्टर आरती मॅडम आल्या. मला तपासून त्यांनी विचारलं, "हिच्यासोबत गोऱ्हा जन्मला होता का?"

"हाव. जुळंच होतं."

त्यांनी माझ्या मानेतून रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवलं. निकाल सांगायला स्वतः आल्या. "नर-मादी ठरवणारी गुणसूत्रं असतात. पोटात असताना भावाचं रक्त हिच्यात मिसळलं. हिच्या रक्तात नराची गुणसूत्रं असलेल्या त्याच्या पेशी सापडल्या. त्यामुळं हिची गर्भपिशवी वाढलीच नाही. ही कधीच गाभण राहणार नाही. दोष हिचा नाही, आणि तुमच्या हाताचा तर मुळीच नाही."

तुळजाबाई सासूकडं वळली. "आत्याबाई, ऐकलं न्हवं?"

दुसऱ्या दिवशी भालकीकडचा वीरण्णा मला न्यायला आला. पैदाशीसाठी माझा सौदा आधीच ठरला होता. मालक सिद्धराम पुटपुटला, "आता कशाला सांगायचं?"

तुळजाबाई पुढं झाली. "वीरण्णा, ही व्यायची न्हाई. रक्त तपासलंय. तुमच्या घरी बी हिला काढे पाजतील, बोल लावतील. मी लई ऐकून घेतलंय, हिला ऐकू देणार न्हाई."

वीरण्णानं हात जोडले. "अक्का, खरं सांगितलंत. आता कालवड घ्यायची तर तुमच्याच गोठ्यातली." सिद्धराम उठला आणि त्यानं माझं दावं पुन्हा खुंट्याला बांधलं.

आता मी इथंच आहे. भावाचा थोडा स्वभाव माझ्यात उतरलाय. गाय माजावर आली की सगळ्यांआधी मला वास लागतो. मी हंबरते, तुळजाबाई गाय भरवायला डॉक्टरांना फोन लावते. गोठ्यात वासरं वाढताहेत.

तुमच्याकडं गोऱ्हा-कालवडीचं जुळं झालं, तर काढे पाजू नका, रक्त तपासून घ्या. परवा शेजारच्या शिवकन्येकडं तसंच जुळं झालं. डॉक्टर सुई काढेपर्यंत तुळजाबाई त्या कालवडीचं तोंड कुशीत धरून उभी होती.

"शिवकन्ये, रक्तात काय बी निघू दे," ती म्हणाली, "हिला नावं ठेवायची न्हाईत."